नळ सोडून रडणारा

शेंडेफळाने ठरवलं, रडायचं तर आहेच, पण कुणाला ऐकू जाता कामा नये.

तीन बहिणींच्या पाठीवर झालेलं हे पोर. पोचवायला आलेल्या मावशीने होस्टेलच्या दारात "आमचं शेंडेफळ सांभाळा हो!" म्हणून हंबरडा फोडला, आणि त्याचं खरं नाव तिथेच निकालात निघालं. काही दिवस त्याने दम धरला. पण आज सकाळी उशीच्या अभ्र्याला घरच्या कपाटाचा वास आला आणि धीर सुटला. खोलीत पार्टनर, गच्चीवर कपडे वाळत घालणारे, जिन्यात फोनवर कुजबुजणारे! (होस्टेलात एकटेपणा हवा तेवढा; एकांत मात्र औषधालाही नाही.)

तो शेवटच्या बाथरूममध्ये शिरला, कडी लावली, नळ पूर्ण सोडला आणि मनसोक्त रडला. आधी आईसाठी, मग बाबांसाठी, मग ज्यांच्याशी उभा दावा त्या बहिणींसाठी, प्रत्येकीकरता वेगळं. मावशीची पाळी आली तेवढ्यात नळ घरघरला आणि पाणी गेलं.

बाहेर एकच बोंब उठली. त्याने दार उघडलं, तर अर्धा मजला तोंडाला फेस फासून उभा. पुढे रेक्टर. शेजारी मजल्यावरचा सगळ्यात दांडगा गडी, ज्याला सगळे पहिलवान म्हणत; कमरेला टॉवेल, डोळे गच्च मिटलेले, डोक्यावर शॅम्पूचा डोंगर.

"टाकी रिकामी केलीस! काय करत होतास?" रेक्टर कडाडले.

थाप मारायला त्याने तोंड उघडलं आणि नेमकं खरं तेच बाहेर पडलं. "रडत होतो, सर. आवाज जाऊ नये म्हणून नळ सोडला."

आता चार वर्षं आपलं हसं होणार, हे त्याने ओळखलं.

"अरे येड्या," मिटल्या डोळ्यांनी पहिलवान म्हणाला, "मी रोज शेजारच्यात रडतो. पण नळ बारीक ठेवतो!"

"मी सर्दी झाल्याचं सांगतो," मागून पार्टनर पुटपुटला.

"म्हणजे तुझी ती सर्दी हीच?" शेंडेफळाने विचारलं.

हशा पिकला. रेक्टर ओठ चावत म्हणाले, "यापुढे रडायचं तर माझ्या ऑफिसात या. तिथे नळ नाही. आणि आता खालून बादल्या आणा!"

शेंडेफळाने पहिली बादली उचलली. मागे सगळा मजला रांगेत लागला. पहिलवानाचं डोकं त्याने स्वतः धुऊन दिलं. जेवायला गेला, तर दोन टेबलांवरून एकदम हाक आली, "शेंडेफळ, इकडे!" छाती फुगवूनच त्याने घरी फोन लावला.

"आई, मी रुळलो बरं का! आता तू रडत बसू नकोस."

"कोण रडतंय?" आई म्हणाली. "बाबांनी तुझ्या खोलीत आरामखुर्ची टाकलीय, ताईंनी तुझं कपाट वाटून घेतलंय. सुट्टीत येणार असलास तर जरा आधी कळवून ये हं!"