पुंता कलान्द्रियावर अकरा फेऱ्या

लोर्नाने अट घातली ती नाश्त्याच्या टेबलावर, आणि घालताना आवाज शक्य तितका मऊ ठेवला.

"डॅड, जाऊ आपण मेक्सिकोला. मी येते तुझ्याबरोबर. पण वाटेत तुझ्याकडून एक जरी चूक झाली, तर परत आल्यावर विमान विकायचं. कबूल?"

मर्ल स्टकीने अंड्यावर मिरपूड टाकली. "कबूल."

लोर्नाची पंचाईत झाली. सॅन डिएगोहून गाडी चालवत येताना तिने वाटभर मुद्दे जुळवले होते, आणि त्यातला एकही वापरावा लागला नव्हता. ते वाया जाऊ नयेत म्हणून तिने निदान एक तरी मांडला. "मागच्या महिन्यात गॅरेजची किल्ली फ्रीजमध्ये सापडली होती."

"बिअरशेजारी ठेवली होती. बिअर मी गॅरेजात बसून पितो. दोन्ही एकदम हाताला लागतात."

विमान म्हणजे चार जणांची सेस्ना, लोर्नापेक्षा दोन वर्षांनी मोठी. दर फेब्रुवारीत मर्ल आणि त्याची बायको आर्डिथ तिच्यातून मेक्सिकोतल्या बाहाच्या किनाऱ्यावर पुंता कलान्द्रियाला जात, आठवडाभर मासे खात, झोप काढत आणि पुन्हा मासे खात. गेल्या पानगळीत आर्डिथ गेली. त्यानंतर विमान हँगरमध्ये होतं आणि मर्ल घरात, आणि दोघंही सारखीच हालचाल करत होते. एकाहत्तराव्या वर्षी माणसाने एकट्याने हवेत फिरू नये, असं लोर्नाचं मत होतं. जमिनीवरही तो फारसा फिरत नाही, याबद्दल तिचं अजून मत बनलेलं नव्हतं.

निघताना मर्लने विचारलं, "वजन किती तुझं?"

"एकशे चाळीस पाउंड."

मर्लने मान डोलावली आणि मनातल्या मनात पंधरा वाढवले. आर्डिथच्या बाबतीतही तो हेच करत असे. बायकांना दुखवू नये आणि विमानाला फसवू नये, हे त्याला दोन्ही जमत होतं.

सीमा ओलांडली. पहिल्या विमानतळावर उतरून शिक्के मारून घेतले. तिथल्या साहेबाने मर्लचा हात हातात घेऊन आर्डिथबद्दल दोन शब्द विचारले आणि मग बराच वेळ सोडलाच नाही. लोर्ना बाजूला उभी राहून चूक शोधत होती. मर्लने चाकं बघितली, इंधन बघितलं, वाऱ्याकडे तोंड करून उभा राहिला. एकही चूक सापडली नाही. पुन्हा आत बसताना तो म्हणाला, "तुझ्या बाजूचं दार लावण्याआधी कमरेचा पट्टा आत आलाय का बघ."

"बघितलं, डॅड. मी काय लहान आहे?"

विमान उठलं, आणि समुद्र दिसायला लागतो न लागतो तोच आवाज सुरू झाला. टक्. टक् टक्. मग टकटकटकटक, जणू बाहेरून कुणी हातोडी घेऊन आत यायला बघतंय.

"डॅड! हे काय?"

"कुठे काय?"

"हा आवाज! इंजिनातून येतोय!"

मर्लने मान तिरकी करून ऐकलं. समोरचे काटे बघितले. मग एकदा लोर्नाच्या दाराकडे बघितलं आणि पुन्हा समोर. "इंजिन ठीक आहे. असू दे."

"असू दे? काहीतरी सुटतंय, डॅड! खाली घे!"

"घेतोच आहे की. पुंता कलान्द्रियाला."

लोर्नाने दोन्ही हातांनी सीट पकडली. एका बाजूने तिला वाटत होतं की आपण मरणार, आणि दुसऱ्या बाजूने, की आपलं म्हणणं खरं ठरलं. ही दुसरी बाजू तिला फारशी आवडली नाही, पण होती.

पुंता कलान्द्रियाला फोन लागला तर लागतो. म्हणून तिथे जुनी रीत आहे: विमानवाल्याने आधी रेमेदिओसच्या हॉटेलवरून अगदी खाली उडत फेरी मारायची. जितक्या फेऱ्या, तितकी माणसं. त्या ऐकून रेमेदिओस तितक्या ताटांची तयारी करते आणि तिचा दीर नाचो ट्रक घेऊन टेकडीमागच्या धावपट्टीवर जातो. मर्ल आणि आर्डिथ आयुष्यभर दोन फेऱ्या मारत आले.

मर्लने दोन फेऱ्या मारल्या आणि धावपट्टीकडे वळला. मग पुन्हा वर उचललं.

"आता काय झालं?"

"गाढवं."

"कोण?"

"धावपट्टीवर गाढवं उभी आहेत. जातील."

लोर्नाला गाढवं दिसली नाहीत, कारण तिची नजर इंजिनाच्या झाकणावरून हलत नव्हती. विमान वळलं, हॉटेलच्या छपरावरून गेलं, धावपट्टीपर्यंत आलं, पुन्हा वर गेलं. टकटकटकटक.

"उतर ना, डॅड!"

"गाढवांच्या अंगावर?"

खाली स्वयंपाकघरात रेमेदिओस मोजत होती. टेकडीमुळे तिला धावपट्टी दिसत नव्हती, गाढवंही नाहीत. फक्त ऐकू येत होतं. चौथ्या फेरीला तिने आणखी पीठ मळायला घेतलं. पाचव्या फेरीला सासूबाईंना खोलीतून उठवून बाहेर दोन खांबांना टांगलेल्या झोळीत नेऊन बसवलं. "किती जण मावतात त्या डब्यात?" सासूबाई म्हणाल्या. "तुम्ही पाय वर घ्या," रेमेदिओस म्हणाली. सातव्या फेरीला नाचोने आपल्या मेव्हण्याला दुसरा ट्रक काढायला सांगितलं. आठव्या फेरीला किनाऱ्यावरून होडीवाल्यांना हाका गेल्या, की परत जा आणि आणखी मासे आणा. नवव्या फेरीला गावप्रमुख एफ्राइनच्या कानावर गेलं की विमान भरून पाहुणे आलेत. इतकी माणसं एकदम येतात ती कुठलीतरी समितीच असणार, असा विचार करून त्याने टाय बांधला. दहाव्या फेरीला बोकड कापला. अकरावी फेरी झाली आणि आवाज थांबला.

नाचोचे दोन ट्रक धावपट्टीवर पोचले तेव्हा गाढवांचा मागमूस नव्हता. विमान शांतपणे उभं होतं. लोर्नाने आधी दार उघडलं, पाय बाहेर टाकला आणि थिजली. तिच्या कमरेच्या पट्ट्याचं उरलेलं टोक दाराबाहेर लोंबत होतं. टोकाला लोखंडी पट्टी होती. त्या पट्टीमागच्या पत्र्यावरचा रंग तळहाताएवढा उडाला होता.

तिने पट्टा आत ओढला, तो दिसू नये म्हणून त्यावर बसली आणि मग पुन्हा उतरली. वडील पलीकडच्या दाराने उतरत होते. त्यांनी बघितलं नसावं.

नाचो विमानाकडे आला, आत डोकावला, मागच्या सीटवर बघितलं, सामानाचं झाकण उघडून तिथेही बघितलं. "कॅप्टन, बाकीचे कुठायत?"

"कोण बाकीचे?"

"नऊ जण."

"आम्ही दोघंच आहोत, नाचो."

"अकरा फेऱ्या मारल्यात तुम्ही."

"गाढवं होती."

नाचोने रिकाम्या धावपट्टीवर नजर फिरवली. आर्डिथ गेल्याचं त्याला माहीत होतं, म्हणून तो अदबीने म्हणाला, "असतील, कॅप्टन. असतील."

हॉटेलच्या दारात रेमेदिओसने मर्लला मिठी मारली, लोर्नाला मिठी मारली, आणि त्यांच्या मागे कोणीच नाही असं बघून कमरेवर हात ठेवले. "अकरा ताटं लागलीत. अकरा फेऱ्या, अकरा माणसं जेवणार. कोण ते मला माहीत नाही."

मग माणसं गोळा करणं आलं. टाय बांधलेला एफ्राइन होताच, त्याला परत पाठवणं शक्य नव्हतं. सासूबाई झोळीतून उठून पहिल्या खुर्चीवर बसल्या. नाचो बसला, मेव्हणा बसला, होडीवाले हात धुऊन बसले, आणि बातमी पसरल्यावर इतके आले की अकरा ताटं कमी पडायला लागली.

जेवता जेवता एफ्राइनने विचारलं, "पण कॅप्टन, इतक्या फेऱ्या म्हणजे विमानात बिघाड तर नाही ना?"

मर्ल मासा सोलत होता. तो म्हणाला, "ते हिला विचारा. आवाज हिने ऐकला."

सगळे लोर्नाकडे वळले. "होता थोडा आवाज," ती म्हणाली. "नंतर थांबला."

"थांबला?" मेव्हणा उठून उभाच राहिला. "थांबलेला आवाज वाईट. म्हणजे जे सुटत होतं ते सुटून पडलं. पलीकडच्या सांता इनेस गावचा मेकॅनिक माझा मित्र आहे. संध्याकाळपर्यंत इंजिन उघडून बघेल तो."

"नाही, नको, इतकं काही नाही—"

"ताई, परत जाताना समुद्र लागतो तुम्हाला," नाचो गंभीरपणे म्हणाला. "उघडलेलं बरं."

"त्याने माझ्या फ्रीजचं इंजिन उघडलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "अजून उघडंच आहे."

मेव्हण्याने ट्रकच्या किल्ल्या उचलल्या. लोर्नाने वडिलांकडे बघितलं. ते माशाचे काटे ताटाच्या कडेला ओळीने लावत होते. आता गप्प राहिलं तर इंजिन उघडणार, विमान इथेच अडकणार, आणि दोष वडिलांचा ठरणार. म्हणजे तिला हवं होतं तेच होणार. मेव्हणा दारापर्यंत पोचला.

"थांबा!" लोर्ना म्हणाली. "पट्टा होता तो. माझा. दारात अडकला होता."



"पट्टा?" मेव्हण्याने किल्ल्या खाली ठेवल्या.

"प्रवाशाचं दार बघणं हे कॅप्टनचं काम नाही का?" एफ्राइनने टाय सारखा करत विचारलं. शेवटी समिती भरलीच होती.

"अजिबात नाही!" लोर्ना एकदम तापली. "डॅडने सांगितलं होतं मला. स्पष्ट सांगितलं होतं. मीच ऐकलं नाही. आणि गाढवंही होती, असणारच. हा माणूस सकाळपासून एकही चूक न करता इथवर आलाय. मी बघत होते ना, सकाळपासून दुसरं काही बघितलंच नाही! याचं विमान विकायचं काय कारण?"

"कोण विकतंय?" रेमेदिओसने विचारलं.

"कोणीही नाही!" लोर्नाने टेबलावर हात आपटला. "विमान विकायचं नाही. ठरलं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. होडीवाल्यांना कशाबद्दल ते कळलं नव्हतं, पण त्यांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. रेमेदिओस आणखी रोट्या आणायला आत गेली आणि बोलणं बोकडाकडे वळलं.

मर्लने लिंबू पिळलं. मग फक्त मुलीला ऐकू जाईल इतक्या हळू, इंग्रजीत म्हणाला, "लोर्ना, विमान मी विकलंय."

"काय?"

"मागच्याच आठवड्यात. रिव्हरसाइडचे एक नवरा-बायको आहेत. चांगली माणसं. आपण परतलो की घेऊन जातील."

लोर्नाने हातातली रोटी खाली ठेवली. "मग मी अट घातली तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

तिने रोटीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

"सुट्टीला ये म्हणून आई आणि मी तुला दर वर्षी बोलवायचो," मर्ल म्हणाला. आवाजात तक्रार नव्हती. "तुला कधी जमलं नाही. माझी तपासणी करायची म्हटल्यावर लगेच जमलं. मी म्हटलं, चालेल की."

"आणि पट्टा? तुला कळलं होतं?"

"पहिल्या टक् ला."

"मग बोलला का नाहीस?"

"तू दार उघडून आत ओढायला गेली असतीस. आईने एकदा ओढला होता. टोपी गेली, नकाशा गेला आणि माझं सँडविच गेलं."

लोर्नाला हसू आलं, आणि त्यापाठोपाठ दुसरंही काही आलं, म्हणून ती पाणी प्यायली. समोर सासूबाई एफ्राइनच्या टायवरचा रस्सा आपल्या शालीच्या टोकाने पुसत होत्या.

"गाढवं किती वेळ होती, डॅड?"

मर्लने जरा विचार केला. "पाचव्या फेरीला गेली."

"मग बाकीच्या सहा?"

मर्लने खिडकीबाहेर बघितलं. तिथून फक्त टेकडी दिसत होती. "हवा छान होती," तो म्हणाला.

लोर्नाने आपल्या ताटातला माशाचा मधला तुकडा उचलून त्याच्या ताटात ठेवला. त्याने तो नको म्हटलं नाही.

"आता पुढच्या वर्षी कसा येणार तू इथे?" तिने विचारलं.

"गाडीने. दोन दिवस लागतात. रस्ता वाईट आहे म्हणतात." त्याने काटा काढून कडेला ठेवला. "आणि आपल्या घरासमोरची हेझल म्हणते, माझं गाडी चालवणंही हल्ली काही खरं नाही."

लोर्नाने वडिलांकडे नीट बघितलं. ते मासा खाण्यात गुंग होते.

"मग ते कुणीतरी बसून बघायला हवं," ती म्हणाली.

"मला पण तेच वाटतं," मर्ल म्हणाला, आणि लिंबाची फोड तिच्याकडे सरकवली.