सफारीपूर्व तपासणी

“एवढं एकच काम करा. बाकी सगळं मी केलंय,” असं म्हणून बायकोने लिफ्ट तपासनिसांच्या पुढ्यात सहा कोरे फॉर्म ठेवले.

सगळं तिनेच केलं होतं, हे खरंच. आठ महिने ती त्या सफारी रिसॉर्टच्या मागे हात धुऊन लागली होती. तिथे म्हणे जिराफ खिडकीतून मान आत घालतो, जेवणघराच्या काचेपलीकडे सिंह आळोखेपिळोखे देत असतो आणि दार उघडलं की अंगणात झेब्रे. पण खरं सांगायचं तर तिला जिराफाशी काही देणंघेणं नव्हतं. तिला तिची ताई हवी होती.

त्याचं असं झालं होतं की, चार वर्षांपूर्वी आईवडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हा सगळ्यांचे फोटो काढले. त्यातला एक ताईने निवडला आणि हा एवढा मोठा करून माहेरच्या बैठकीच्या खोलीत लावला. ताई त्यात फारच छान आली होती. धाकटीचे डोळे मात्र मिटलेले होते.

“माझ्याच माहेरी मी कायमची डुलक्या घेत भिंतीवर बसलेय!” धाकटी म्हणाली.

“मग उघडे ठेवायचे होतेस,” ताई म्हणाली.

झालं. तेव्हापासून दोघी बहिणींमध्ये शब्द नाही. बोलायचं ते आईमार्फत. “तिला सांग”, “तिला विचार”, “तिला म्हणावं मी काही मेले नाहीये”. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या माउलीचं सगळं आयुष्य आता निरोप्याच्या नोकरीत चाललं होतं. रिसॉर्टचे तीन दिवसही तिच्यामार्फतच ठरले. आई, बाबा, ताई, ताईचा दातांचा डॉक्टर नवरा आणि ही दोघं. तीन दिवस एकाच अंगणात काढले की बोलावंच लागेल, निदान भांडावं तरी लागेल, अशी बायकोची आशा होती.

आता राहिले होते फक्त फॉर्म. प्राणी खोल्यांना अगदी खेटून राहत असल्यामुळे कोणत्या पाहुण्याला कोणत्या प्राण्याशेजारी ठेवायचं, हे रिसॉर्टवाले आधीच ठरवत. त्यासाठी प्रत्येकाची एक ‘सवयपत्रिका’ भरून द्यायची. आवाज, सवयी, भीती. गुरुवारी संध्याकाळपर्यंत.

“मला औषधांच्या दुकानात मान वर करायला फुरसत नाही,” बायको म्हणाली. “तुम्ही सगळ्यांना ओळखता. दोन-दोन ओळी लिहा. माणसासारख्या.”

शेवटचा शब्द तिने उगाच घातला नव्हता. तपासनीस गेली सव्वीस वर्षं लोकांच्या लिफ्ट तपासून अहवाल लिहीत होते आणि सव्वीस वर्षांत त्यांनी न बघता ‘ठीक आहे’ असं एकदाही लिहिलं नव्हतं. लग्नातल्या जेवणाबद्दल कोणी विचारलं तरी ते दोष, तीव्रता आणि उपाय अशा क्रमाने सांगत. असा माणूस रविवारभर सहा फॉर्म घेऊन बसला, म्हणजे काय होणार ते वेगळं सांगायला नको. फॉर्मच्या खाली बारीक अक्षरात एक नियमही होता, की सगळ्या पत्रिका गटातल्या सगळ्यांना पाठवल्या जातील, म्हणजे कुणाच्या सवयीवर कुणाचा आक्षेप नको. दुसरा कोणी असता तर हे वाचून त्याने लिहिलेलं सगळं खोडून काढलं असतं. तपासनिसांना उलट बरं वाटलं. अहवाल संबंधितांना मिळालाच पाहिजे, हे त्यांचं जुनं मत होतं.

संध्याकाळी त्यांनी फॉर्म पाठवून दिले आणि मस्तपैकी चहा घेतला.

सोमवारी सकाळी ते एका सात मजली इमारतीत, चौथ्या आणि पाचव्या मजल्यांच्या मध्ये, लिफ्टच्या टपावर बसून दोर तपासत होते. तेवढ्यात फोन वाजला. सासरे होते.

“जावईबापू, हे काय लिहिलंत?” सासऱ्यांनी वाचूनच दाखवलं. “‘घोरणे. तीव्रता : भिंतीपलीकडे ऐकू येते. उपाय : कुशीवर वळवणे, परंतु तात्पुरता.’ मी घोरतो?”

“हो,” तपासनीस म्हणाले.

लिफ्टच्या त्या अंधाऱ्या विहिरीत तो ‘हो’ चांगला घुमला.

फोन ठेवतात न ठेवतात तोच साडूभाऊंचा. “अहो, ‘समोरचा हसला की त्याचे दात बघतात. सिंहाचेही बघतील, लक्ष ठेवावे.’ ही काय भाषा झाली? मी डॉक्टर आहे!”

“म्हणूनच लिहिलं. कामामुळे आलेला दोष आहे, तुमचा नाही.”

“बाकीच्यांचं मात्र अगदी बरोबर लिहिलंय हं,” डॉक्टर जरा आवाज उतरवून म्हणाले. “सासऱ्यांचं तर अगदीच बरोबर. पण माझं काढून टाका.”

मग सासूबाईंचा फोन. त्यांच्या पत्रिकेत होतं, ‘समोरचा बोलत असताना हो-हो म्हणतात, मात्र ऐकत नाहीत. भीती : पाल. पालीपेक्षा मोठ्या प्राण्यांना घाबरत नाहीत.’ तपासनीस त्यांना समजावू लागले, की यात अपमानाचा हेतू नाही, ही केवळ माहिती आहे. “हो, हो,” सासूबाई म्हणत राहिल्या आणि पाच मिनिटांनी त्यांनी विचारलं, “मग अपमान का केलात?”

शेवटी ताईचा फोन आला. तिच्या पत्रिकेतला मजकूर तपासनिसांना तोंडपाठ होता. ‘आवाज उंच. राग आल्यास आवाज कमी होतो, ही अधिक धोक्याची अवस्था.’

“भाऊजी,” ताई म्हणाली. इतक्या हळू, की त्यांना फोन कानावर दाबून धरावा लागला. “आम्ही येत नाही. तिला सांगा.”

तपासनिसांच्या तोंडचं पाणी पळालं. सव्वीस वर्षांत लिफ्टच्या टपावर त्यांना कधी भीती वाटली नव्हती, आज पाचव्या मजल्यावर कोणी दार उघडून हात दिला असता तर बरं झालं असतं. बाहेर आल्याबरोबर त्यांनी रिसॉर्टला फोन लावला.

“ते फॉर्म रद्द करा हो. चुकून गेले.”

“चूक म्हणजे मजकूर खोटा आहे का, सर?” आरक्षणवाल्या बाईंनी अत्यंत गोड आवाजात विचारलं.

इथे दुसरा कोणी पटकन हो म्हणून मोकळा झाला असता.  तपासनीस म्हणाले, “खोटा नाही. पण नको होता.”

“खरा असेल तर आम्हाला हवाच आहे, सर. आमची सिंहीण फार हळवी आहे. बदलायचं असेल तर नवीन पत्रिका लिहून ज्याची त्याने सही करायची आणि त्याला चांगलं ओळखणाऱ्या दोघांनी खाली सही करायची, की हेच खरं आहे. नाहीतर आहे त्यालाच सगळ्यांनी संमती द्यायची. गुरुवार संध्याकाळपर्यंत यातलं काही झालं नाही, तर सगळ्याच खोल्या रद्द होतात.”

मंगळवारी ते नाक मुठीत धरून सासरी गेले. सासऱ्यांनी मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंच होतं, ‘मी घोरत नाही.’ एक सही हवी होती सासूबाईंची.

“मी नाही खोटी सही करणार,” सासूबाई म्हणाल्या. “चोपन्न वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत.”

“चोपन्न वर्षांत कधी बोलली नाहीस ती!”

“बोलले होते. तुम्ही झोपला होतात.”

यावर सासरे जे उठून आतल्या खोलीत गेले ते बाहेरच आले नाहीत. जावई भिंतीवरच्या त्या फोटोखाली तासभर बसून राहिले आणि मग घरी आले. बुधवारी डॉक्टरांच्या दवाखान्यात गेले, तर डॉक्टर म्हणाले, “करतो की संमती. आधी खुर्चीत बसा, आ करा. हा मागचा दात कधीपासून असा आहे?” अर्ध्या तासाने तपासनीस एक गाल सुन्न होऊन बाहेर आले. संमती राहिलीच.

एव्हाना दोन्ही घरांत कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं. आधी दोनच माणसांचा अबोला होता, तो आता सगळ्यांत वाटला गेला होता. आणि गंमत म्हणजे रुसलेल्या प्रत्येकाचं म्हणणं एकच होतं, की बाकीच्यांचं अगदी खरं लिहिलंय, माझं तेवढं खोटं.

गुरुवारी दुपारी तपासनीस घरी आले, तर बायको सोफ्यावर बसलेली. सफारीसाठी आणलेली रुंद काठाची टोपी तिच्या मांडीवर होती. दुकानातल्या कामात चार दिवस तिला फॉर्म बघायलाही वेळ मिळाला नव्हता, ‘कसले तरी रुसवेफुगवे चाललेत, निस्तरतील,’ एवढंच तिने धरलं होतं. आत्ता आईने फोन करून सगळं सांगितलं होतं.

“ताई येत नाही म्हणे,” ती म्हणाली.

तपासनीस उभेच राहिले. बसायची हिंमत होईना.

“आठ महिने मी त्या बाईंना फोन करत होते. जवळजवळच्या खोल्या द्या, मध्ये एकच अंगण द्या. चार वर्षं झाली हो. मागच्या वर्षी तिचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, ते मला आठ दिवसांनी कळलं. आईकडून.” तिने टोपी बाजूला ठेवली. “एक काम सांगितलं होतं तुम्हाला.”

ती ओरडली असती तर परवडलं असतं. तपासनिसांना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.  दोषही दिसत होता, तीव्रताही दिसत होती, उपाय मात्र काही केल्या सापडत नव्हता.

“बघू तरी काय लिहिलंत,” असं म्हणून तिने फोन उघडला. एकेक पत्रिका वाचू लागली. बाबांच्या पत्रिकेला तिने कपाळाला हात लावला. आईच्या पत्रिकेला तिचे ओठ जरासे हलले. मग तिची स्वतःची आली. ‘झोपेत वाद घालते. बहुतेक वेळा जिंकते.’ तपासनिसांनी डोळे मिटून घेतले.

काहीच झालं नाही. त्यांनी एक डोळा उघडून पाहिलं. बायको शेवटची, सहावी पत्रिका वाचत होती. ती त्यांची स्वतःची होती. तीसुद्धा त्यांनी प्रामाणिकपणेच भरली होती, आरशासमोर उभं राहून, पुढून-मागून नीट बघून. त्यात एकच ओळ होती.

‘तपासणीत दोष आढळला नाही.’

बायकोने ती ओळ एकदा वाचली. पुन्हा वाचली. मग ती ताडकन उठली आणि तिने एक नंबर लावला. आईचा नव्हे.

“ताई, मी बोलतेय. ठेवू नकोस. तू शेवटचा फॉर्म बघितलास का? यांचा? नाही ना? आत्ता उघड. मी थांबते.”

 मग फोनमधून असा काही आवाज आला की तपासनीस दोन पावलं मागे सरले. ताईचा आवाज उंच होता.

“दोष नाही?” ताई ओरडत होती. “या माणसात? अगं, तुझ्या लग्नात यांनी मांडवाचा खांब हलवून बघितला होता!”

“खांब काय घेऊन बसलीस! रोज माझी पोळी उलटून बघतात!”

“थांब, मी येतेच. मी आल्याशिवाय लिहायला घेऊ नकोस.”

वीस मिनिटांत ताई दारात हजर. चार वर्षांनी या घराची पायरी चढत होती, पण तेवढं लक्षात घ्यायला दोघींपैकी कोणालाच वेळ नव्हता. चपला इकडे-तिकडे टाकून ती थेट जेवणाच्या टेबलाशी बसली. बायकोने कोरा फॉर्म पुढे ओढला. खिडकीतून जिराफाने मान आत घातली असती, तरी त्या दोघींनी त्याला ‘जरा थांब रे’ म्हटलं असतं. एक जण सांगत होती, दुसरी लिहीत होती, मग दमली की अदलाबदल. मध्येच ताईने वडिलांना फोन लावला. “बाबा, तुम्ही घोरता. सगळ्या गल्लीला माहीत आहे. गुपचूप संमती द्या आणि फोन आईकडे द्या.” नवऱ्याला तर तिने नुसतं “द्या संमती” एवढंच सांगितलं, तेही हळू आवाजात. त्याची अर्ध्या मिनिटात आली. आपापल्या पत्रिकांना दोघींनी कधी संमती देऊन टाकली, ते त्यांच्याही ध्यानात आलं नसेल.

तपासनीस चहा घेऊन आले की दोघी गप्प बसत. वळले की सुरू.

“अगं आणि ते फुंकर मारतात ना…”

“प्रत्येक घोटाला! गार चहालासुद्धा!”

आणि मग खो-खो हसणं. स्वयंपाकघरात उभं राहून तपासनीस ते ऐकत होते. आपल्याच इज्जतीचा पंचनामा चाललाय, याचं दुःख करावं की आठ महिन्यांचं काम फत्ते झालं म्हणून आनंद मानावा, हे त्यांना ठरवता येईना. बहुतेक त्यांनी दोन्ही केलं.

साडेपाचला हाक आली. “अहो, वाचून सही करा. आमच्या दोघींच्या झाल्यात.”

तपासनिसांनी चष्मा लावला. अडतीस नोंदी होत्या. बिनसहीचा अहवाल आणि न वाचता केलेली सही या दोन्ही गोष्टी त्यांना आयुष्यात जमल्या नव्हत्या, त्यामुळे त्यांनी उभ्याउभ्या एकेक नोंद वाचली. खरी. खरी. हीही खरीच. खोटं असं काही सापडेना आणि जीव तर अगदी मेटाकुटीला आलेला. शेवटी सतराव्या नोंदीवर त्यांनी बोट ठेवलं.

“हे मात्र साफ चूक आहे. ‘जिना चढताना पायऱ्या मोठ्याने मोजतात.’ मी मोजतो, पण मनातल्या मनात.”

“मोठ्याने!” दोघी एका दमात म्हणाल्या आणि एकमेकींकडे बघून पुन्हा हसत सुटल्या. ताईने तर डोळे पुसायला धाकटीच्याच साडीचा पदर ओढला.

तपासनिसांनी मुकाट्याने सही केली.

“अडतीसच झाल्या गं,” बायको फॉर्म हातात घेत म्हणाली. “मला वाटलं होतं पन्नास तरी होतील.”

“असू दे,” ताई म्हणाली. “बाकीच्या तिथे गेल्यावर लिहू.”