एका शेगडीची खोली

मे महिन्यातल्या भर दुपारी, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर, डोक्यात माकडटोपी, हातात लोकरीचे हातमोजे आणि पायांना दोन लांब फळ्या बांधून गुडघे वाकवून उभा असलेला माणूस तुम्हाला दिसला असता, तर तुम्हीही आधी त्याच्या बायकोला हाक मारली असती. मी मारली.

"वहिनी, वर या जरा!"

"पडले का?" खालून सुमनवहिनींचा आवाज आला.

"नाही अजून."

"मग पडले की सांगा, मास्तर. भाजी फोडणीला टाकलीय."

मधुकर गांगुर्डे माझ्या डोक्यावर राहायचे, म्हणजे वरच्या मजल्यावर. सातपूरच्या एका कारखान्यात कूलिंग प्लांटवर फिटर होते. नोकरी संपली आणि त्यांनी बर्फाचं मनावर घेतलं. "आयुष्यभर खोटी थंडी बनवली, मास्तर. आता खरी बघायची. पूर्ण फॅमिली न्यायची. स्कीइंग करायचं." त्या फळ्या त्यांनी स्वतः केल्या होत्या. मशीन ज्या खोक्यातून येतं त्या खोक्याचं लाकूड, टोकं उकळत्या पाण्यात ठेवून वाकवलेली, पाय बांधायला स्कूटरची जुनी ट्यूब, आणि हातात फरशी पुसायच्या दोन काठ्या.

प्रात्यक्षिकासाठी त्यांनी गेटजवळचा, गाड्या चढवायचा उतार निवडला. त्यावर कपडे धुवायची पावडर पसरली आणि पाणी मारलं. मग देवाचं नाव न घेता, कारण ते देव मानत नसत, त्यांनी स्वतःला सोडलं आणि पाटलांच्या स्कूटरला मिठी मारूनच ते थांबले. उचलायला गेलो तर म्हणतात, "स्कीइंगमध्ये घसरणं नंतर, मास्तर. आधी पडायचं शिकवतात."

"मग तुमचा पहिला नंबर आला," मी म्हणालो. उभी बिल्डिंग हसली. माझ्या वाक्यांना ती नेहमीच हसायची. हा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

त्यांना एक खोड होती. कुणाच्याही घरात शिरले की मागं वळून म्हणायचे, "दार लोटा, गारवा वाया जातोय." जन्मभर कोल्ड रूममध्ये वावरल्याची सवय. माझ्या घरात गारवा कसला, खडखडणारा एक पंखा. तरी दार लोटल्याशिवाय हा माणूस बसायचा नाही.

हवामानाच्या बातम्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. बर्फाची खबर काढायला ते रिक्षाने द्वारका चौकात जायचे. तिथं हायवेवर काश्मीरकडचे सफरचंदांचे ट्रक थांबतात. ड्रायव्हरला चहा पाजायचा आणि विचारायचं, "सरदारजी, ऊपर कितना गिरा?" सरदारजी हाताने गुडघा दाखवायचा, कधी कंबर. घरी येऊन गांगुर्डे तोच हात आम्हाला दाखवायचे. "यंदा कमरेएवढा आहे, मास्तर. यंदा जमलं पाहिजे."

पण खरी मजा हॉटेल ठरवताना यायची. दिवाळी सरली की ते स्पीकर लावून पहाडातल्या हॉटेलांना फोन करायचे आणि मी कानात प्राण आणून ऐकायचो.

"भाईसाब, पाच लोग है. बडा कमरा एकच पाहिजे."

"सर, फॅमिली के लिए दो रूम ले लीजिए. हर रूम में हीटर है."

"नही नही! हर रूम में नही चाहिए! एकच कमरा, और उसमें एकच शेगडी. लाकडावाली. दुसरी शेगडी हो तो निकाल देना."

पलीकडून फोन कट व्हायचा. गांगुर्डे दुसरा नंबर लावायचे. त्यांची एकच अट असायची. खोली लहान चालेल, गरम पाणी नसलं तरी चालेल, पण शेगडी एकच. कॉलनीनं त्यांना चिक्कू ठरवलं. खरं बोलायचं तर मी ठरवलं. जयंतीच्या जेवणात, सोसायटीच्या मीटिंगला, लग्नाच्या पंगतीत मी हा फोन नक्कल करून सांगायचो. 'दुसरी शेगडी हो तो निकाल देना' म्हटलं की लोक ताट बाजूला ठेवून हसायचे. गांगुर्डेही हसायचे. मान खाली घालून हसायचे, एवढं आता आठवतं.

त्यांचा मुलगा राहुल पुण्याला. कॉम्प्युटरमधला. सणासुदीला बायको-मुलीसह यायचा. त्या दिवसांत मी वर गेलो की एकच चित्र दिसायचं. राहुल आतल्या खोलीत दार लावून लॅपटॉपवर. सूनबाई प्रिया दुसऱ्या खोलीत फोनवर. नात सान्वी कानात हेडफोनची बोंडं घालून गॅलरीत. वहिनी स्वयंपाकघरात. आणि गांगुर्डे हॉलमध्ये, मांडीवर हिमालयाचा नकाशा घेऊन, डॉक्टरकडे नंबर लावून बसावं तसे. एखादं दार उघडलं की उठून उभे राहायचे. बाहेर आलेला माणूस पाणी पिऊन परत आत जायचा. गांगुर्डे बसायचे.

निघताना राहुल म्हणायचा, "बाबा, पुढच्या वर्षी नक्की." माणूस वाईट नव्हता. म्हणताना त्याला खरंच तसं वाटायचं. पुढच्या वर्षी त्याच दारात उभा राहून तो तेच म्हणायचा.

हे कधीच होणार नाही हे मला कळत होतं. वहिनींना कळत होतं. त्यांना कळत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर नक्कल करताना जड गेलं असतं.

एका हिवाळ्यात राहुल जरा लवकर आला, आणि गांगुर्डेंनी जाहीर केलं की बर्फात जायच्या आधी थंडीची तालीम पाहिजे. पिंपळगावच्या बाजूला एका द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजमध्ये त्यांचा जुना हाताखालचा माणूस, शेळके, ऑपरेटर होता. आमची वरात तिथं निघाली. पाच ते आणि सहावा मी, कारण नवीन किस्सा मिळणार याची मला खात्री होती. सगळ्यांच्या डोक्यात माकडटोप्या. प्रियाने फोटो काढायला सक्त मनाई केली होती.

शेळके बघतच राहिला. "बाबा, लय थंडी हाय आत. पोरीला सोसंल का?"

"तालीमच आहे. तू चहा पिऊन ये," गांगुर्डे म्हणाले. सगळे आत गेल्यावर त्यांनी ते जाडजूड दार ओढलं. "दार लोटा, गारवा वाया जातोय."

द्राक्षांच्या क्रेटांच्या थप्पीशेजारी आम्ही उलट्या क्रेटांवर बसलो. तोंडातून वाफा निघत होत्या.

"आजोबा, नेटवर्क नाहीये," सान्वी म्हणाली.

"नसणारच, बाळा. भिंती जाड आहेत."

थोड्या वेळानं राहुल म्हणाला, "झालं ना बाबा? निघू या." गांगुर्डे दाराला पाठ लावून बसले होते. त्यांनी मागं हात घालून काहीतरी खुडबुड केली. "अडकलंय. ओढाताण करू नको, रबर फाटेल. शेळके येईल इतक्यात."

राहुल चिडला. प्रिया घाबरली. मग वहिनींनी एकुलतं एक ब्लँकेट उघडलं आणि त्या चौघांना त्याखाली सरकावं लागलं. मग सान्वीने विचारलं, "आजी, आजोबांना बर्फच का पाहिजे?"

"तुझ्या बापाला विचार. लहानपणी हा बर्फ बर्फ करून डोकं खायचा. मग हे प्लांटवरून डब्यात घालून आणायचे. सायकलवर. घरी येईतो पाणी. डबा उघडला की हा भोकाड पसरायचा."

"मला वाटायचं बाबा वाटेत खाऊन टाकतात," राहुल म्हणाला.

सान्वी एवढी हसली की ब्लँकेट खाली पडलं. राहुलही हसला. माझ्या आठवणीत त्या घरातली माणसं एकाच गोष्टीला एकाच वेळी हसलेली तेवढीच. द्राक्षं खाल्ली, दात शिवशिवले म्हणून परत हसले. प्रिया म्हणाली, "आई, तुम्ही पुण्याला का नाही येत राहायला?"

"तिथं बोलू कुणाशी? इथं निदान हे आहेत, घसरायला."

प्रियाने वहिनींचे हात आपल्या हातात घेऊन चोळायला सुरुवात केली. गांगुर्डे ब्लँकेटबाहेर, दाराला टेकून, थरथरत हे बघत होते. मी शेजारीच होतो. त्यांचे ओठ निळे पडले होते. तसा प्रसन्न चेहरा मी त्यांचा आधी पाहिला नव्हता.

शेळके आला, दार उघडलं आणि सगळं विरघळलं. उन्हात आल्यावर राहुलची भीती रागातून बाहेर पडली. "माझ्या मुलीला काही झालं असतं तर? बास झालं हे बर्फाचं! परत नाव काढायचं नाही." परतीच्या गाडीत सगळ्यांचं नेटवर्क आलं होतं.

राहुलची मंडळी गेल्यावर मी गच्चीवर गेलो. गांगुर्डे फळ्यांवर बसले होते. मी म्हटलं, "काय हो फिटरसाहेब, एवढी वर्षं काढलीत आणि एक दार उघडेना?"

ते म्हणाले, "मास्तर, त्या दाराला आतून बटण असतं. ढकललं की उघडतं. नवशिक्यालाही ठाऊक."

"मग?"

"माझ्या पाठीला टोचत होतं ते."

मला हसू येईना.

"सरदारजी सांगायचे, बर्फ दारासमोर साचला की बाहेर पडता येत नाही. दोन-दोन दिवस. आणि शेगडी एकच असली तर माणूस जाणार कुठं? तिच्याभोवतीच बसणार ना. स्कीइंग कुणाला करायचंय? त्याशिवाय पोरं येणार नाहीत म्हणून." मग म्हणाले, "कुणाला सांगू नका. राहुलला वाटेल, आपल्याला कोंडलं."

मी सांगितलं नाही. पण शेगडीची नक्कलही बंद केली नाही. लोक फर्माईश करायचे.

त्यानंतर गांगुर्डेंनी हॉटेलांना फोन केले नाहीत. यंदा उन्हाळा सुरू होता होता छातीच्या दुखण्यानं ते गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात, बुद्धवंदना झाल्यावर, लोकांनी मला बोलायला उभं केलं. राहुल पहिल्या रांगेत होता. खरं सांगायची तीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं? 'दुसरी शेगडी हो तो निकाल देना.' मंडप हसला. राहुल डोळे पुसत हसला आणि शेजारच्याला म्हणाला, "बाबा म्हणजे ना, एकेक रुपया धरून ठेवायचे." वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. माझ्याकडे बघत होत्या.

म्हणून हे लिहितोय. मधुकर गांगुर्डे चिक्कू नव्हते. एवढंच नोंदवायचं आहे, आणि ते उशिरा नोंदवतोय.

फ्लॅटला कुलूप लावून राहुलची मंडळी वहिनींना पुण्याला घेऊन निघाले, तेव्हा मी खाली गेलो. ऊन रणरणत होतं. गाडी चालू होती, काचा वर होत्या. समोरच्या काचेतून आतलं दिसत होतं: पुढं राहुल आणि फोनवर बोलणारी प्रिया, मागं कानात बोंडं घातलेली सान्वी आणि मांडीवर पिशवी घेऊन बसलेल्या वहिनी. मी काचेवर टकटक केलं. राहुलनं काच खाली घेतली. आतली थंड हवा माझ्या तोंडावर आली.

"बोला काका."

दाराची गोष्ट जिभेवर होती. मी म्हणालो, "सावकाश जा."

"हो. काच लावतो हं काका, गारवा वाया जातोय."

बोलला आणि त्याचा हात बटणावर तसाच राहिला. वहिनींनी मान वर केली. सान्वीने एका कानातलं बोंड काढलं.

मग काच वर गेली. काळी काच होती. आत पुढं कुणी काही बोललं का, ते मला दिसलं नाही.