दहावं नाव

"घरं नऊ आणि नावं दहा!" बांगडा हातातल्या कागदावर बोट आपटत म्हणाला. "ढग, पाणी कुठंतरी मुरतंय."

त्याची बायको ढग गॅलरीत मुळ्याचा पाला दोरीवर वाळत घालत होती. "पुन्हा मोज," ती म्हणाली.

"तीनदा मोजली."

"मग चौथ्यांदा मोज. लक्षात यायचं काही राहिलं असेल." आणि ती पाल्याची पुढची जुडी सोडू लागली.

बांगडा आणि ढग ही काही आईबापांनी ठेवलेली नावं नव्हेत. तीन वर्षांपूर्वी नऊ कुटुंबं एकत्र आली, यांगप्योंगच्या डोंगरउतारावर सामाईक जमीन घ्यायची, माती आणि भाताच्या पेंढ्याच्या भिंतींची घरं बांधायची, सगळ्यांचं स्वयंपाकघर एक, पावसाच्या पाण्याची टाकी एक आणि गाड्या वेशीबाहेर, असं ठरवून. पहिल्याच सभेत एक अडचण लक्षात आली. आपल्याकडे दोन माणसं भेटली की पाचव्या मिनिटाला एकमेकांचं जन्मसाल विचारतात. एकदा ते कळलं की मोठा बोलणार आणि धाकटा मान हलवणार. असं गाव उभं राहायचं कसं? म्हणून ठरलं की प्रत्येकानं टोपणनाव घ्यायचं, सगळ्यांनी सगळ्यांना 'अरे-तुरे' करायचं आणि खरं नाव, वय, कॉलेज कोणी कोणाला विचारायचं नाही.

त्या सभेला येताना बांगड्यानं बाजारातून मासळी घेतली होती आणि ती पिशवी खुर्चीखाली विसरला होता. दोन तासांनी त्याचं नाव आपोआप ठरलं. ढगनं तिचं नाव स्वतः निवडलं. अठ्ठावीस वर्षं ती नवऱ्याला 'अहो' म्हणत आली होती. त्या दिवसापासून 'तू' म्हणू लागली आणि ते तिला इतकं मानवलं की घरीही तेच चालू राहिलं. फक्त खरोखरची चिडली की तिच्या तोंडून जुनं 'अहो' निघे, आणि तेव्हा बांगड्याचे हातपाय गार पडत.

बांगड्यानं सव्वीस वर्षं विमा कंपनीत दाव्यांची चौकशी केली होती. कोणी घराला आग लागली म्हणालं की तो आधी काडेपेटी कोणाची ते विचारी. त्यामुळे मंडळींनी कागदपत्रांचं खातं त्याच्याकडे दिलं होतं, आणि शनिवारच्या खरेदीखतातल्या नावांची यादी वकिलाकडून तपासायला त्याच्याकडेच आली होती. त्यात आठव्या ओळीवर होतं, 'किम चे-रिन'.

जमीन सगळ्यांची मिळून होती. एकही झाड एकट्याचं नाही, आणि सगळ्यांच्या सह्या असल्याशिवाय एक ओंजळ मातीही हलणार नाही. असल्या कागदात एक परका घुसला तर तो उद्या नुसता 'नाही' म्हणून अख्खं गाव अडवून ठेवू शकत होता. शिवाय बांगडा राहत होता ती इमारत वसंतात पाडणार होते. हे गाव झालं नाही तर त्याला आणि ढगला जायला जागाच नव्हती.

त्यानं वकिलाच्या कचेरीत फोन लावला. "ही किम चे-रिन कोण?"

"खाजगी माहिती आहे, साहेब," पलीकडची मुलगी म्हणाली. "त्या व्यक्तीची लेखी संमती आणा, लगेच सांगते."

"अहो बाई, ती व्यक्ती कोण तेच तर विचारतोय!"

"तेच सांगायला संमती लागते."

फोन आपटून बांगडा विचारात पडला. आडनावावरून काही कळणार नव्हतं. या देशात पाचातला एक किम, पोलीसही त्यावरून कोणाला शोधू शकत नाहीत. पण 'चे-रिन'? असली नाजूक नावं अलीकडची. पन्नाशी-साठीतल्या बायका सून-जा नाहीतर मल-सून असतात. त्याच्या बायकोचंच खरं नाव मल-सून होतं; 'मल' म्हणजे शेवट. आधी चार बहिणी, तेव्हा 'मुली आता पुरे' असं देवाला कळवण्यासाठी आजोबांनी ते ठेवलं होतं.

"तिशीच्या आतली आहे," त्यानं जाहीर केलं. "नियमाप्रमाणे घरटी एक नाव, हवं तर जोडीदाराचं जोडता येतं. म्हणजे कोणीतरी जोडीदार म्हणून भलत्याच पोरीचं नाव घुसवलंय. मला तर नावावरूनच बाई चलाख वाटते."

"चलाख?" ढगनं विचारलं.

"एक नंबरची."

ढगनं उरलेला पाला तसाच टोपलीत ठेवला आणि ती आत निघून गेली.

दुपारभर त्यानं आठही घरी फोन केले. "सहज विचारतो, तुमच्या घरून दुसरं नाव जोडलंय का?" सगळ्यांनी नाही म्हटलं. पण चौकशीवाल्या माणसाचं 'सहज' कोणाला सहज वाटत नाही. संध्याकाळच्या आत मुंगीचा फोन आला. मुंगी म्हणजे अस्वलाची बायको.

"खरं सांग, बांगड्या. तिशीच्या आतली कोण पोरगी आहे? अस्वल परवापासून केसांना तेल लावतोय."

"मी अस्वलाचं नाव घेतलेलं नाही."

"घेतलं नाहीस म्हणूनच संशय येतोय! मित्राला पाठीशी घालतोयस."

बुधवारपर्यंत तीन नवरे बाहेरच्या खोलीत झोपायला गेले होते. मग बांगड्यानं तातडीची सभा बोलावली आणि फर्मान काढलं, मालकांनी आपापली ओळखपत्रं टेबलावर ठेवायची.

"तीन वर्षांचा नियम मोडायचा?" अस्वल म्हणाला. नावाप्रमाणेच आडदांड, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. कंपोस्ट संडासाचा तो खंदा पुरस्कर्ता होता.

"नियम भल्यांसाठी असतो," बांगडा म्हणाला. "ठेव कार्ड."

"आणि तुझ्या घरचं काय?" मुंगीनं विचारलं.

"आमच्या घरी काय असायचंय? हे माझं कार्ड. आमचं मला ठाऊक आहे."

ढग सातूचा चहा ओतत होती. "अहो," ती म्हणाली, "चहा घ्या."

बांगड्याचे हातपाय गार पडले. पण ऑक्टोबर होता आणि सभागृहाची शेगडी बंद होती, तेव्हा त्यानं त्याचा अर्थ थंडी असाच लावला.

आठ कार्डं अधिक त्याचं एक, अशी नऊ नावं यादीशी जुळली. दहावं कोणाचंच नव्हतं. मात्र टेबलावर आता नऊ जन्मसालं उघडी पडली होती, आणि ती काही कोणाला पुन्हा झाकता येईनात. जिला सगळे तीन वर्षं 'ए गोगलगाय' म्हणत होते ती सदुसष्ट वर्षांची निघाली. दोघंतिघं नकळत उठून उभी राहिली. तेवढ्यात अस्वलानं एक कार्ड डोळ्यांजवळ नेलं.

"शेंगदाण्या, तू क्वाक? मीही क्वाक. मूळ गाव कुठलं?"

शेंगदाणा एकतीस वर्षांचा होता, सायकली दुरुस्त करायचा. त्यानं गाव सांगितलं, घराणं सांगितलं, मग कितवी पिढी ते सांगितलं. अस्वलाच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. त्यानं बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला आणि सावकाश खुर्चीवरून खाली उतरून जमिनीवर बसला.

"हे… हे पिढीनं माझे चुलत आजोबा लागतात."

"अरे, ऊठ की!" शेंगदाणा ओशाळला.

"नाही आजोबा, आपण बसा."

शेंगदाणा बसला. थोडा वेळ त्याला अवघडल्यासारखं झालं. मग त्याच्या लक्षात काहीतरी आलं. "बरं, मग त्या कंपोस्ट संडासाचं. माझा तेव्हाही विरोध होता. मला पाण्याचाच हवा."

ज्या ठरावासाठी अस्वल चौदा सभा भांडला होता, त्यावर तो मान खाली घालून एवढंच बोलला, "आपली मर्जी, आजोबा."

मग टाकी कुठं असावी यावर गोगलगायीनं मत दिलं आणि धाकट्यांनी माना हलवल्या. दीड तासात तीन वर्षांचे पाच ठराव कोसळले. सभा संपली तेव्हा माणसं एकमेकांना कमरेत वाकून निरोप देत होती आणि पाठ वळली की दहावी कोण असेल याची कुजबूज करत होती. बांगड्याला मनातून वाईट वाटलं. आपणच हे गाव पायाभरणीआधी पाडतोय की काय, असंही वाटलं. पण संशय काही जाईना.

शनिवारी सगळे यांगप्योंगला जमीनमालकाच्या, नाम आडनावाच्या आजोबांच्या ओट्यावर हजर झाले. तीच जमीन मागणाऱ्या एका गोदामवाल्यानं म्हाताऱ्याला दोनदा जिनसेंगच्या महागड्या औषधी मुळ्यांच्या पेट्या आणून दिल्या होत्या, तरी त्यानं यांनाच शब्द दिला होता, कारण ही माणसं एका कुटुंबासारखी राहणार असं त्याला सांगितलं होतं. आजी कोपऱ्यात पर्सिमनची फळं सोलत होत्या. कागदावर डोळे बारीक करून आजोबांनी हजेरी सुरू केली. एकेक जण 'हजर' म्हणून सहीऐवजी मारायचा आपल्या नावाचा शिक्का पुढे करू लागला. बांगडा डोळ्यांत तेल घालून पाहत होता.

"किम चे-रिन."

कोणी हललं नाही. मुंगीनं अस्वलाच्या दंडाला चिमटा घेतला. आजोबांनी पुन्हा पुकारलं.

"हजर," ढग म्हणाली आणि पिशवीतून शिक्का काढून पुढे झाली.

बांगड्याला वाटलं, ओटा सरकला. "तू? तू मल-सून आहेस!"

"फेब्रुवारीपर्यंत होते. न्यायालयात अर्ज करून नाव बदललं. कागद आला त्याच दिवशी जेवताना सांगितलं मी, अहो. तुम्ही सभेचा वृत्तांत वाचत होतात. म्हणालात, 'हं. आमटी खारट झालीये.'"

"आणि यादीत…?"

"जोडीदाराचा अर्जही तुमच्यापुढे ठेवला. सगळ्या जगाचे कागद दोनदा वाचता, माझ्या कागदावर न वाचता सही केलीत."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"बघत होते, तुमची चौकशी घरापर्यंत कधी येते. पंचावन्न वर्षं 'मुली पुरे' अशा हाका ऐकल्या. माझ्या पहिल्या घराच्या कागदावर तरी ते नाव नको होतं मला."

बांगड्याला इतकी लाज सव्वीस वर्षांत कधी वाटली नव्हती, खोट्या दाव्याच्या संशयावरून खरी माणसं धरली होती तेव्हाही नाही.

आजोबांनी मात्र कागद मिटला. "बायकोचं नाव ठाऊक नाही! आणि ही माणसं एका कुटुंबासारखी राहणार? मला फसवलंत. नाही द्यायची जमीन. तो गोदामवाला निदान त्याच्या कुत्र्याला तरी नावानं हाक मारतो."

तेवढ्यात कोपऱ्यातून आजींनी, हातातली सुरी न थांबवता, विचारलं, "चांग-सूचे बाबा, माझं नाव काय हो?"

"भलत्या वेळी काय विचारतेस!"

"साठ वर्षं 'ए', 'अगं', नाहीतर 'चांग-सूची आई'. म्हणून म्हटलं, आठवतंय का."

आजोबांनी आढ्याकडे पाहिलं, मग अंगणातल्या कोंबड्यांकडे पाहिलं. नऊ कुटुंबं आता त्यांच्याकडे पाहत होती, आणि सगळ्यांत बारीक नजरेनं बांगडा, सवयीप्रमाणे.

"माझा शिक्का कुठंय?" आजोबा खाकरून म्हणाले.

"माझ्याकडे आहे. नाव घेऊन मागा."

म्हाताऱ्याचे कान लाल झाले. मग मिशीतल्या मिशीत ते म्हणाले, "ओक-बुन… शिक्का दे गं."

आजींनी तो कमरेच्या पिशवीतून काढून दिला आणि सोललेला एक पर्सिमनही दिला. आजोबांनी कोणाकडे न बघता दहाही नावांपुढे शिक्के मारले.

उतरणीवर परतीची बस उभी होती. अस्वल आधी चढला आणि त्यानं दोन्ही जागा अडवल्या. "सरक रे अस्वला," शेंगदाणा म्हणाला. अस्वल क्षणभर घुटमळला, मग सरकला आणि म्हणाला, "पण संडास कंपोस्टचाच. पुढच्या सभेत बघतो तुला."

बांगडा खालीच उभा होता. "चे… चे-रिन," त्यानं हाक मारली.

ढगनं मागे वळून पाहिलं नाही. "ऐकू नाही आलं, अहो."

"चे-रिन!"

"पुन्हा."

"चे-रिन! चुकलं माझं!" तो इतक्या जोरात ओरडला की बसच्या सगळ्या खिडक्या उघडल्या.

ती पायरीवर थांबली आणि तिनं हात पुढे केला. "चढ रे बांगड्या," ती म्हणाली, "तुझ्यामुळं सगळ्यांना उशीर होतोय."