हॅस्केल ऑर कोण?

कोणत्याही समाजाचं बळ त्याच्या नेत्यांत नसतं, नेत्यांच्या पुढे उभ्या असलेल्या जाड माणसांत असतं. इतर गावांना हे निवडणुकीनंतर कळतं. आमच्या पोक क्रीकला ते दर ऑगस्टमध्ये नव्यानं कळतं.

जवळच ब्लँचर्ड स्टेट कॉलेज आहे. तिथे शिकवतातही, असं ऐकून आहे. पण कॉलेजची खरी ओळख म्हणजे त्याची फुटबॉल टीम, ‘चावरी कासवं’. (हा फुटबॉल हातात धरून पळायचा. पायांचा उपयोग मुख्यतः मोडून घेण्यासाठी.) या खेळात पाच अगडबंब मुलं ओळीनं पुढे उभी राहतात आणि मागचा देखणा मुलगा चेंडू फेकेपर्यंत समोरच्यांना थोपवून धरतात. या पाचांना हल्ल्याची फळी म्हणतात, कारण ती कोणावरही हल्ला करत नाही. काम चोख झालं तर टाळ्या देखण्या मुलाला, आणि चुकलं तर नाव लाउडस्पीकरवरून तीस हजार लोकांत. थोडक्यात, ही घरातल्या थोरल्या सुनेची जागा आहे.

परंतु सुजाण चाहता या पाचांची काळजी करत नाही. तो खोलीची काळजी करतो. पाचांतला एक लंगडला तर मागे कोण, तोही लंगडला तर त्याच्या मागे कोण, या प्रश्नाला खोली म्हणतात. एकदा माणूस खोलीत शिरला की त्याला स्वतःच्या गुडघ्यांचा, बायकोचा आणि गळक्या छपराचा साफ विसर पडतो. हे औषध डॉक्टर लिहून देत नाहीत, स्वतः घेतात. गावची लोकसंख्या चार हजार दोनशे. पैकी डाव्या गार्डच्या, म्हणजे त्या पाचांतल्या डावीकडून दुसऱ्याच्या, जागेबद्दल ठाम मत असलेले चार हजार एकशे सत्त्याण्णव. उरलेल्यांत दोन तान्ही बाळं आणि मेथडिस्ट चर्चचे नवे पाद्री. (पाद्रींना रविवारपर्यंत मुदत दिली होती.)

आमची बैठक ‘पीनट टायर्स’मध्ये भरते. अध्यक्ष व्हर्लिन टॅकेट, निवृत्त पोस्टमन. त्यानं आयुष्यात फुटबॉल खेळलेला नाही, पण कॉलेजच्या कोचची पत्रं वर्षानुवर्षं पोचवली आहेत, आणि पाकिटावरून बराच अंदाज येतो. उपाध्यक्ष वायनेलबाई. यांचं ब्यूटी पार्लर आहे. पोरगा पुढे किती भरणार हे त्या आईच्या मनगटावरून सांगतात. सदस्य मी. आणि कॉफी करायला दुकानाचा मालक पीनट, म्हणजे शेंगदाणा. तो तीनशे पौंडांचा असल्यामुळे हे नाव पडलं, आणि इतकं चपखल बसलं की दुसरं काही नाव असेल अशी शंका कोणाला आली नाही. त्याचा मुलगा आईबरोबर शेजारच्या राज्यात वाढला. उन्हाळ्यात येई तेव्हा दारातून आडवा होऊन आत शिरे. आम्ही त्याला धाकटा पीनट म्हणायचो. ही गोष्ट घडली तेव्हा तो ब्लँचर्डला मातीविषयी काहीतरी शिकत होता. शेतीच्या दृष्टीनं चांगलंच आहे.

तर त्या ऑगस्टमध्ये कोचनं खोलीचा तक्ता जाहीर केला. कोचचं जिथे ठरलेलं नसतं तिथे या तक्त्यात दोन नावांच्या मध्ये ‘ऑर’ छापायची पद्धत आहे. म्हणजे अमुक किंवा तमुक. डाव्या गार्डपुढे छापलं होतं, ‘हॅस्केल ऑर’. आणि पुढे कोरी जागा.

‘ऑर’मध्ये एक आर जास्त पडला होता. टाइप करणाऱ्याचा हात जड, असं ठरलं. बाकीच्या मुलांना नाव आणि आडनाव दोन्ही होतं, हॅस्केलला एकच. “गरिबाघरचा असेल बिचारा,” वायनेलबाई म्हणाल्या. “देव त्याचं भलं करो.” (आमच्याकडे हे वाक्य आशीर्वाद म्हणून शिकवतात आणि शिवी म्हणून वापरतात.)

“पण हॅस्केल किंवा कोण?” व्हर्लिननं मुद्द्याला हात घातला. “नाव लपवलंय. म्हणजे माणूस जबरदस्त आहे.”

यात तर्काची कुठलीही चूक मला आजही सापडत नाही. आठवडाभरात त्या लपवलेल्या वीराला सगळं गाव ‘ऑर’ म्हणू लागलं. तो ओक्लाहोमाचा असल्याचं न्हाव्याकडे कळलं. वजन सोमवारी तीनशे तीस पौंड होतं, गुरुवारपर्यंत तीनशे साठ झालं. तो एका बैठकीत बारा तळलेले कॅटफिश खातो, असं ते न तळणाऱ्या एका स्वयंपाक्यानं शपथेवर सांगितलं. जसजसा ऑर वाढत गेला तसतसा हॅस्केल आमच्या डोळ्यांदेखत वाळत गेला. त्याचे गुडघे कच्चे ठरले. मग स्वभावही.

इथे वाचकांना एक गोष्ट सांगून ठेवतो, जी आम्हाला ठाऊक नव्हती. पीनटचं आडनाव ऑर. हॅस्केल हा त्याचा पोरगा.

सांगायचा प्रयत्न त्यानं केला, नाही असं नाही.

“अरे, हॅस्केल ऑर म्हणजे...”

“पीनट, कॉफी संपलीय.”

दुसऱ्या दिवशी त्यानं भांडं भरून ठेवलं आणि मगच तोंड उघडलं. “ते आडनाव आहे, व्हर्लिन.”

“किंवा हे कोणाचं आडनाव असतं का रे?” व्हर्लिन म्हणाला. “उद्या परंतुंचं घराणं काढशील!”

सगळे इतके हसले की पीनटही थोडा हसला. माणूस मुळातच भिडस्त. त्या दुपारी माझ्या गाडीचं चाक बसवता बसवता मात्र तो हळूच म्हणाला, “पोरगा परत येतो म्हणतोय. शिक्षण सोडून. म्हणतो, तीस हजार लोक बसणार, त्यातल्या एकालाही माझं नाव माहीत नाही. चुकलो तरच कळणार. एवढं घेऊन तिथे उभा राहू कसा?”

“अरे, इथे हॅस्केलमुळे सगळ्या सीझनची वाट लागायची वेळ आलीय,” मी म्हणालो, “आणि तू घरचं काय काढतोस?”

त्यानं नट जरा जास्तच आवळले.

शेवटच्या बैठकीत ठराव आला : पहिल्या सामन्याला गावानं एकजुटीनं जावं आणि हॅस्केल बाहेर जाईपर्यंत ‘ऑर! ऑर!’ असा घोष करावा. ठराव वाचून होईतो पीनटचा चेहरा लालबुंद झाला होता. इतक्या वर्षांत प्रथमच त्यानं टेबलावर हात आपटला. “पोराला हाकलायला ओरडणार? लाज नाही वाटत?” मग त्याचा हात तसाच टेबलावर राहिला आणि तो विचारात पडला.

“नक्की काय ओरडणार म्हणालात?”

“ऑर.”

“नुसतंच ऑर?”

“नुसतंच.”

“हॅस्केलला शिव्या नाहीत ना?”

“छे गं बाई, आम्ही चर्चला जाणारी माणसं,” वायनेलबाई म्हणाल्या.

“मग घसा फुटेस्तोवर ओरडा,” पीनट म्हणाला. “बसचं मी बघतो. टायर माझे.”

सामन्याच्या दिवशी ऊन असं की बाकांवर अंडी तळावीत. पहिल्याच डावात समोरचा एक दांडगट सदुसष्ट नंबरला, म्हणजे हॅस्केलला, वळसा घालून गेला आणि त्यानं देखण्या मुलाला गवतात झोपवलं. आम्ही सातशे जण पेटून उठलो. “ऑर! ऑर! ऑर!” शेजारच्यांनी कारण न विचारता सूर धरला. (चाहत्यांत ही चांगली सवय असते.) बघता बघता तीस हजार लोक एकच शब्द गर्जू लागले.

मैदानावर सदुसष्ट नंबर मान खाली घालून उभा होता. त्यानं मान वर केली, चहूकडे पाहिलं. मग तो ताठ झाला आणि पुन्हा आपल्या जागी वाकला.

त्यानंतर जे झालं त्याला खेळ म्हणणं कठीण आहे. तो दांडगट पुन्हा आला. सदुसष्टनं त्याला उचलून जिथे ठेवला तिथेच तो डाव संपल्यावर सापडला. एकदा त्यानं दोघांना एकदम ढकलत पाणी देणाऱ्यांच्या बाकापर्यंत नेलं. तो जितका चांगला खेळे तितके आम्ही त्याला काढा म्हणून जोरात ओरडू, आणि आम्ही जितके ओरडू तितका तो चांगला खेळे. सगळ्यांत मोठा आवाज पीनटचा. रडत होता आणि ओरडत होता. असा निष्ठावान चाहता पाहून माझेही डोळे भरून आले.

तिसऱ्या सत्रात व्हर्लिननं दुर्बीण लावली आणि किंचाळला, “अरे, पाठीवर बघा त्याच्या! ऑर लिहिलंय! हॅस्केलला काढला! हा ऑर आहे! आला रे आला!”

मग जो जल्लोष झाला तो शब्दांत सांगता येत नाही. वायनेलबाईंनी अनोळखी माणसाचा मुका घेतला. कासवं एकवीस गुणांनी जिंकली.

सोमवारी बैठकीनं जनमताच्या विजयाबद्दल स्वतःचं अभिनंदन केलं. हॅस्केलबद्दल कोणाच्या मनात किल्मिष राहिलं नव्हतं. वायनेलबाईंनी पीचचा पाय (हा खायचा, आत पीचचं गोड सारण असतं) भाजून आणला आणि पीनटच्या हाती दिला. “तुझ्या पोराकडे पोचव. म्हणावं, कॉलेजात हॅस्केल भेटला तर त्याला दे. हिरमुसला असेल.”

“मिळेल त्याला,” पीनट म्हणाला, आणि त्यानं कॉफी ओतली.

मला हे सारं नोव्हेंबरात कळलं, तेही पीनटनंच सांगितलं म्हणून. ज्याच्या हातची कॉफी अर्धं आयुष्य प्यायलो त्याचं आडनाव आम्हाला ठाऊक नव्हतं, म्हणून तुम्ही हसत असाल. जरूर हसा. पण आपल्या लेकराचं नाव शेंगदाणा कोणी ठेवत नाही, हे तुम्हालाही ठाऊक होतं. त्याचं खरं नाव मी आता विचारून घेतलं आहे. तुम्ही मात्र इतका वेळ डाव्या गार्डच्या जागेची काळजी करत बसलात आणि पीनटचं खरं नाव काय, असं एकदाही तुमच्या मनात आलं नाही.