खंडेनवमी आणि उघडं इंजिन

"आता घाट संपला, गेणूभाऊ. इथून नाशिकपर्यंत सपाट रस्ता. मॅनिफोल्ड दसऱ्यानंतर बदलू की!" गिरणाऱ्यातल्या आपल्या गॅरेजसमोर उभा राहून यादव मेस्त्री समजावत होता.

"नाय. आत्ताच."

गेणूचं हे असंच. डोक्यात एकदा काही आलं की धीर म्हणून नाही. जेवायला बसला तरी याचा एक पाय चपलेत. हरसूलकडून झेंडूचे चाळीस क्रेट भरून निघालेली त्याची पिकअप काळा धूर ओकत, पहिल्या गिअरमध्ये कण्हत घाट चढली होती. इंजिनाला हवा वाटून देणारा नळ्यांचा जो भाग असतो, तो मॅनिफोल्ड काजळीनं तुंबलाय, हे यादवनंच त्याला महिन्यापूर्वी सांगितलं होतं. गेणूनं नवा आणून सीटखाली ठेवलाही होता. मागच्या वर्षी गाडी घाटात रुसली, बाजाराला उशीर झाला आणि निम्मी फुलं गोदाकाठच्या गायींनी खाल्ली. यंदा गेणूला वेळेवर पोचायचं होतं. दसऱ्याची दुपार उलटली की झेंडूला कुत्रं विचारत नाही.

पण घाट चढून झाल्यावर इंजिन कशाला खोलायचं? यादवनंही तेच विचारलं. गेणूनं उत्तर न देता बोनेट उघडलं.

अष्टमीच्या संध्याकाळी जुना मॅनिफोल्ड निघाला. नवा बसवायला घेतला, तर मधलं पॅकिंग फाटलेलं.

"ते नाशिकवरून मागवावं लागंल. सकाळी येईल. पण गेणूभाऊ, उद्या..."

"उद्या तर उद्या! सकाळीच निघतो," म्हणत गेणू चहाच्या टपरीकडे चालायलाही लागला. पुढचं वाक्य यादवच्या तोंडातच राहिलं.

सकाळी आठला पॅकिंग आलं. ते हातात घेऊन गेणू गॅरेजात शिरला आणि जागीच थबकला. यादवचे सगळे पाने, पकडी, हातोड्या, एवढंच काय जॅकसुद्धा चौरंगावर ओळीनं मांडलेला. सगळ्यांना हळदीकुंकू, पुढं नारळ. यादव धुतलेली टोपी घालून हात जोडून उभा.

"अरं, हे काय?"

"खंडेनवमी. काल तेच सांगत होतो. आज हत्याराला हात लावायचा नाय. उद्या सकाळी पूजा हलवली की पयला नंबर तुमचा."

गेणूचा हात आपोआप चौरंगाकडे गेला.

"खबरदार!" आतून यादवची आई लंकाबाई कडाडली. "माझ्या सासऱ्यापासूनची रीत हाय ही."

"मावशी, माझी फुलं मरतील हो!"

"मग थोडी इकडं दे. पूजेला कमीच पडलीत."

गेणू गावभर फिरला. दुसरं गॅरेज, तिथंही चौरंग. वेल्डिंगवाला, तिथंही चौरंग. सायकलवाल्यानं तर हवेचा पंपसुद्धा पूजेला ठेवलेला. रस्त्यावर पिकअप कमी नव्हत्या, पण एकूण एक झेंडूनं शिगोशीग. त्यातला एक जण तर वर "बाजाराला चला लवकर!" असं ओरडून गेला. गेणूच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यानं घरी फोन लावला.

"मैना, आपली पान्यांची पेटी जीपवाल्याकडं दे. लगेच!"

"अहो, ती पूजेत हाय. कुदळीशेजारी," बायको म्हणाली.

"एवढ्या सकाळी पूजा?"

"तुम्हीच म्हणता ना, मी सगळं उशिरा करते?"

शेवटी गेणूनं हार्डवेअरच्या दुकानातून नवाकोरा पान्यांचा संच घेतला. पूजेत नाहीत ते पाने चालणारच! तो जवळजवळ पळतच आला. दारात लंकाबाई उभी होती.

"अगोबाई! नवं हत्यार? बरा मुहूर्त साधलास हो!" तिनं संच त्याच्या हातातून घेतला, कुंकवाचं बोट लावलं आणि चौरंगावर ठेवून दिला.  गेणूला रडावंसं वाटलं.

दुपारी ऊन तापलं. गेणू क्रेटवर पाणी मारी, रस्ता बघे, पुन्हा पाणी मारी. चारच्या सुमारास नाशिककडून एक रिकामा टेम्पो येऊन थांबला.

"भाड्यानं नेता का बाजारात?" गेणूनं धावत जाऊन विचारलं.

"भाड्यानं कशाला? विकतच घेतो की," म्हणत व्यापाऱ्यानं भाव सांगितला. भाव पडेल होता. दुसरा कोणी असता तर घासाघीस केली असती, निदान तोंड तरी वाकडं केलं असतं. पण गेणूच्या जिवाची दिवसभर काहिली झालेली. तो म्हणाला, "उचला!" चाळीसच्या चाळीस क्रेट गेले.

टेम्पो वळणाआड गेला आणि आतून लंकाबाईची हाक आली, "यादवा, विहिरीवरची मोटर बंद पडली रे! घे पाने आणि बघ."

"आई, आज हत्याराला..."

"देवाला विचारलंय मी. पाण्याची अडचण हाय, चालतं."

"आणि मावशी, माझी अडचण?" गेणूचा आवाज चिरकला.

"तुझी फुलं तर गेली ना आता? मग कसली आली अडचण!"

यादवनं मोटर सुरू केली आणि ओशाळून त्याच पान्यांनी मॅनिफोल्डही बसवून दिला. पिकअप अशी निघाली की गेणूला ओरडावंसं वाटलं. धूर नाही, कण्हणं नाही! हरसूलच्या दिशेनं तोंड केलं, तोच मैनाचा फोन आला. सगळा माल विकल्याचं गेणूनं तिला सांगितलं.

"समदी विकली? अहो, दाराला तोरण कशाचं लावू? शेतात कळीसुद्धा ठेवली नाय तुम्ही!"

गेणूनं गाडी वळवली. दिवेलागणीला तो नाशिकच्या फुलबाजारात पोचला. एका बाईपुढं टपोऱ्या झेंडूचा ढीग होता.

"लय चांगला माल हाय. कुठला, ताई?"

"हरसूलकडचा, दादा. आमच्या मालकांनी गिरणाऱ्यातून उचलला. तिथं एक येडा गाडीचं इंजिन खोलून बसला होता म्हणं. भाव सांगितला की लगेच हो म्हणला. जरा दम धरला असता, तर मालक दुप्पट द्यायला तयार होते."

 तिनं सांगितलेल्या भावात गेणूनं आपलीच दोन किलो फुलं पिशवीत भरून घेतली आणि निघताना विचारलं, "त्या येड्याचं नाव तुमच्या मालकांना म्हाईत नाय ना?"