पाच मीटरवरचे गव्हाणे डॉक्टर

गव्हाणे डॉक्टरांना काहीही दाखवा, ते आधी हात लावून बघतात. टरबूज, सोफ्याचं कापड, नवी स्कूटर, एवढंच काय, ‘रंग ओला आहे’ अशी पाटी टांगलेला जिन्याचा कठडासुद्धा. त्या दिवशी बिल्डिंगच्या भिंतीवर हिरव्या रंगाची पाच बोटं उमटली, ती अजून आहेत. ‘‘डॉक्टर, पाटी वाचली नाही का?’’ म्हटलं, तर म्हणाले, ‘‘वाचली की सर. पण हात लावल्याबिगर कसं कळणार, वला हाय का वाळला?’’ कपाळ माझं!

डॉक्टर म्हणजे माणसांचे नव्हेत. सोयगाव तालुक्यात त्यांची सगळी नोकरी गाई-म्हशींमागं गेली. कागदावर ते पशुधन पर्यवेक्षक होते, पण गावोगाव लोक डॉक्टर म्हणायचे आणि यांनीही कधी कुणाला दुरुस्त केलं नाही. रिटायर झाल्यावर शहरात, गारखेड्यात आमच्या खालच्या मजल्यावर फ्लॅट घेतला. वर्षभरात बायको गेली. मुलगा कॅनडात. त्यात आमच्या सोसायटीत कुत्रं-मांजर पाळायला बंदी. म्हणजे ज्या हातांनी हजारो वासरं ओढून काढली, ते हात आता मंडईत टरबुजं दाबत फिरायला मोकळे झाले.

एकदा क्रांती चौकात एक मोकाट बैल भर रस्त्यात बसला. मागं रिक्षा, बसेस, हॉर्नचा नुसता कल्ला. डॉक्टर शांतपणे माझ्या स्कूटरवरून उतरले, बैलापाशी उकिडवे बसले आणि त्याचा कान मुठीत धरला. ‘‘ताप हाय,’’ त्यांनी चौकाला सांगितलं. ट्रॅफिक पोलीस म्हणाला, ‘‘चाचा, बुखार बाद में देखो, पहले उसको उठाओ!’’ डॉक्टर म्हणाले, ‘‘तुमको बुखार रहता तो तुम उठते क्या?’’ अर्धा तास शहर खोळंबलं आणि मी हेल्मेटची काच खाली ओढून आपला यांच्याशी काही संबंध नाही असा चेहरा करून बसलो.

माणसांशीही तीच तऱ्हा. आमच्या नातवाला ताप आला तेव्हा यांनी वर येऊन थेट त्याचा कान धरला. आमच्या सूनबाई म्हणाल्या, ‘‘काका, हा बैल नाहीये हो!’’ आम्ही सगळे खो खो हसलो. डॉक्टरही हसले. त्यानंतर ते आमच्याकडं वर आले नाहीत, हे माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले.

असा हा माणूस माझ्याबरोबर अंटार्क्टिकाला आला. त्यांच्या मुलाला बापाकडं यायला सवड नव्हती, म्हणून त्यानं बापालाच पृथ्वीच्या टोकाला पाठवायचं ठरवलं. मी भूगोलाचा मास्तर. आयुष्यभर पोरांना अंटार्क्टिका न बघता शिकवला, तेव्हा एकदा बघून खात्री करावी म्हटलं. आमच्या मंडळींनी ‘‘मला बर्फ बघायचा तर मी फ्रीज उघडते’’ म्हणून अंग काढून घेतलं. मग एका केबिनमध्ये भूगोल आणि पशुसंवर्धन! निघतानाच डॉक्टरांनी आपला हेतू सांगून टाकला, ‘‘सर, मला डोंगर नको, बरफ नको. त्या पेंग्विनला एकदा हात लावायचा. पिसाखाली गरम लागतं का थंड, तेवढं बघायचं.’’

आता ज्या दिवसाची गोष्ट सांगतोय, त्या दिवशी सकाळी आमच्या बोटीशेजारी देवमासा आला. सगळे प्रवासी दुधी भोपळ्याएवढाल्या लेन्सा घेऊन कठड्याकडं धावले. असे धावले की बोट कलंडते की काय! डॉक्टर मात्र डोळे मिटून उभे. माशानं पाण्याचा फवारा सोडला, तसे म्हणाले, ‘‘घरघर नाय. फुप्फुस चांगलं हाय.’’ एवढा खर्च करून आलेला माणूस डोळे मिटून देवमासा तपासतो, हे बघून मी धन्य झालो.

नाश्त्यानंतर किनाऱ्यावर उतरायची तयारी. तिथं बाहेरची माती, बी-बियाणं न्यायला बंदी, म्हणून सगळ्यांचे खिसे झटकून घेतले. डॉक्टरांच्या खिशातून ज्वारीचे दाणे, कडब्याची काडी आणि गुळाचा खडा निघाला. मग औषधाच्या पाण्यात बूट बुडवायचे. ते बघून डॉक्टर खूश. ‘‘लाळ्या-खुरकुताच्या साथीत आम्ही असंच करायचो. शहाणी मानसं हायत!’’

हे शहाणपण पुढच्याच वाक्याला संपलं. मार्ता नावाची आमची गाईड, कोवळी पण करड्या आवाजाची पोरगी. तिनं सांगितलं की कुठल्याही प्राण्यापासून पाच मीटर लांब राहायचं. हात लावला तर तो माणूस पुढं बोटीतून उतरणार नाही. मी भाषांतर केलं. डॉक्टरांचा चेहरा पडला.

‘‘पाच मीटर? पाच मीटरवरून काय बघतात? फोटू?’’

‘‘हो डॉक्टर. जग फोटोच बघतं.’’

‘‘तिला सांगा, मी डॉक्टर हाय.’’

मी सांगितलं. मार्तानं ‘मग तर सहा मीटर’ अशा नजरेनं त्यांच्याकडं पाहिलं आणि मला म्हणाली की यांची जबाबदारी तुमची. आली का पंचाईत! पस्तीस वर्षं दंगेखोर पोरं सांभाळली, ती कमी पडली होती.

रबरी होडीतून उतरलो. समोर हजारेक पेंग्विन आणि असा उग्र वास, की आमच्या टूरमधल्या बायकांनी नाकाला रुमाल लावले. डॉक्टरांनी छाती भरून श्वास घेतला. ‘‘गोठ्यात आल्यावानी वाटलं!’’ मग पाच मीटरवरून तपासणी सुरू झाली. हा लंगडतोय, तो आळशी हाय, ही माय पिलाला नीट भरवती. गुलाबी रंगाची विष्ठा बघून म्हणाले, ‘‘पोट साफ हाय.’’ मार्ता म्हणाली, हे जेंटू पेंग्विन. डॉक्टर मला म्हणाले, ‘‘ही जात झाली. नाव इचारा की.’’ हे भाषांतर मी केलं नाही. प्रत्येक वाक्याबरोबर त्यांचा उजवा हात आपोआप पुढं यायचा आणि मी ‘‘डॉक्टर!’’ म्हणून खेकसायचो. मग ते हात मागं घ्यायचे.

शेवटी मार्तानंच त्यांना काम दिलं. मऊ बर्फात आपला पाय मांडीपर्यंत रुततो आणि खोल खड्डा पडतो. पेंग्विन त्यात पडला तर त्याला वर येता येत नाही. म्हणून प्रत्येकानं आपला खड्डा बुजवायचा असा नियम. अर्थात नियम ऐकायचे असतात, पाळणारे वेगळे. डॉक्टर सगळ्यांच्या मागं राहून लोकांचे खड्डे बुजवायला लागले. जणू रोजगार हमीचं काम निघालंय! बुजवायचे, वरून थापटायचे आणि पुढं सरकायचे. मी म्हटलं, चला, हात गुंतले, आपण सुटलो.

आणि मी फोटो काढायला आखलेल्या वाटेच्या बाहेर गेलो. कचकन उजवा पाय मांडीपर्यंत आत. धडपडत निघालो, कुणी बघितलं नाही ना ते बघितलं आणि खड्डा तसाच टाकून पुढं गेलो. पोरांना शिस्त शिकवलेला मास्तर मी!

दहा मिनिटांनी हाक आली, ‘‘सर, इकडं या. तुमच्या खड्ड्यात पडलंय.’’

खरंच पडलं होतं. एक पेंग्विन बर्फाच्या त्या नळकांड्यात अडकून वर बघत होता. पंख आपटत होता, चोच उघडत होता, आवाज घशातच राहत होता. डॉक्टर गुडघ्यावर बसलेले. दोन हातांवर काम होतं. वाकायचं आणि उचलायचं, बस्स. मार्ता लांब, दुसऱ्या टोकाला. मला इतकी लाज वाटत होती, की मीच म्हणालो, ‘‘उचला हो डॉक्टर, कोण बघतंय!’’

डॉक्टरांचे दोन्ही हात पुढं आले होते. ते तसेच थांबले. मग त्यांनी ते मागं घेतले.

‘‘नाय सर. लई भेलंय ते. आता अनोळखी हात लागला तर जीव सोडंल. तुम्ही मॅडमला बोलवा. पळा!’’

मी पळालो. त्या वयात, त्या बुटांत, त्या बर्फात! मार्ता फावडं घेऊन आली. डॉक्टरांनी खुणेनं तिला खड्ड्याची एक बाजू दाखवली, इथून उतार काढ. तिनं काढला आणि आम्हाला लांब उभं केलं. डॉक्टर हात पाठीमागं बांधून उभे राहिले, त्यांच्या मागं मी. पेंग्विन दोनदा घसरला. तिसऱ्यांदा वर आला, अंग झटकलं आणि समुद्राकडं जायचं सोडून थेट डॉक्टरांकडं चालत आला.

मार्तानं हातानं खूण केली, हलू नका. तो आपण होऊन आला तर चालतं. तो आला, डॉक्टरांच्या बुटाला चोच मारली, पँट ओढून बघितली आणि तिथंच त्यांच्या पायाला टेकून उभा राहिला. मिनिटभर असेल. मला डॉक्टरांचा चेहरा दिसत नव्हता, पाठीमागचे हात दिसत होते. एका हातानं दुसरा मनगटाशी इतका आवळला होता, की हातमोज्याची शिवण ताणली होती. त्यांनी तो सोडला नाही. पेंग्विनच्या काय मनात आलं कोण जाणे, तो वळला आणि निघून गेला.

केबिनमध्ये परत आल्यावर डॉक्टर खाटेवर बसून हातमोजे काढू लागले. मला राहवेना. ‘‘काय हो डॉक्टर, एवढ्यासाठी जगाच्या टोकाला आलात. पायाशी येऊन उभा राहिला आणि तुम्ही हात नाही लावला?’’

‘‘लावला असता तर पळालं असतं सर. लोकं पळत्यात तसं.’’ त्यांनी काढलेले हातमोजे मांडीवर ठेवले. ‘‘पहिलं गावात लोक रातंदिस जनावरं घेऊन दारात यायचे. आता सात वर्सं झाली, आपण होऊन कुणी जवळ आलं नाय. नातवंडं सुदिक फोनमधूनच पाया पडत्यात. हे आलं. मग म्हटलं, हुबं राहू दे जरा. कशाला घालवायचं?’’

हे बोलताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, आणि तेच मला सहन झालं नाही. सूनबाईंच्या त्या विनोदाला सगळ्यात मोठ्यानं मी हसलो होतो.

मी समोरच्या खुर्चीत बसलो आणि पँट गुडघ्यापर्यंत वर ओढली. ‘‘डॉक्टर, जरा हा गुडघा बघता का? त्या खड्ड्यात मुरगळलाय बहुतेक.’’

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मग तळहात एकमेकांवर खूप वेळ चोळले, गरम केले आणि दोन्ही हात माझ्या गुडघ्यावर ठेवले.

‘‘इथं दुखतंय?’’

‘‘हो.’’

‘‘आणि इथं?’’

‘‘तिथं जास्त.’’

गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. जेवणाची घंटा झाली, बाहेर लोकांची लगबग सुरू झाली आणि थांबलीसुद्धा. डॉक्टर दाबत राहिले, आणि बरं वाटतंय असं मी काही शेवटपर्यंत म्हटलं नाही.